कोचीला जायचंय, आईला विमानात बसवायचंय

‘मी डोंबिवलीत राहते, सहकारी बँकेत नोकरी करते. माझी आई ७४ वर्षांची आहे, माहेर-सासर दोन्ही वेंगुर्ल्याचं. आयुष्यात कधी विमानात बसलेली नाही आणि गेल्या दिवाळीत पहिल्यांदा बोलली, “एकदा वरून बघायचं होतं गं.” आई, मी आणि माझी कॉलेजातली मुलगी अशा तिघींनी फेब्रुवारीत कोचीला जावं असं मनात आहे. गुरुवारी रात्रीचं विमान आणि रविवारी रात्री परत, म्हणजे दोनच रजा जातील. जवळ ४५ हजार रुपये आहेत, त्यावर एक रुपया नाही. मुलीला मुन्नारही करायचंय. बहीण म्हणते, एवढ्या पैशात रेल्वेने आठ दिवस केरळ होईल, दोन तासांच्या विमानासाठी कशाला उधळतेस? आईचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. स्वस्त तिकिटांच्या जाहिराती बघून गोंधळायला होतं. काय करू?’

प्रिय ताई,

बहिणीचं आधी बघू, कारण तुमच्या पत्रात खरी बोच तिथे आहे. रेल्वे स्वस्त आहे, कोकण रेल्वेचा रस्ता देखणा आहे, यात वाद नाही. पण कोचीच्या एर्नाकुलम स्थानकापर्यंत एका बाजूला साधारण एक दिवस आणि वर काही तास लागतात. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती आई धरून चालल्या असतील तर सांगून टाका. आणि मुळात आईंनी केरळ मागितलेलं नाही, वरून बघायला मागितलंय. ज्या बाईने ७४ वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं असेल-नसेल, तिने एक गोष्ट नाव घेऊन सांगितली आहे. ती सोडून दुसरीच, जास्त दिवसांची गोष्ट तिच्या हातात ठेवण्यात काटकसर कुठे आली? जा. विमानानेच जा, आणि दोन्ही वेळा.

मात्र तुम्ही ठरवलेले वार बदला. तुमच्या सगळ्या बेतात मला खटकलेली मोठी गोष्ट हीच आहे. गुरुवारी रात्री निघालात तर आईंना खिडकीतून काळोख दिसेल, आणि रविवारी रात्री येताना पुन्हा काळोखच. शिवाय रविवार संध्याकाळ म्हणजे सुट्टी संपवून मुंबईला परतणाऱ्यांची वेळ, तिकीट चढं असतं. तिसरं कारण कोचीतलंच: मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि तिथून चालत दोन मिनिटांवरचं ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, त्यांच्या शब्बाथमुळे (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे) शुक्रवारी-शनिवारी पर्यटकांना मिळत नाही. म्हणजे तुमच्या तीन दिवसांतले दोन दिवस बंद दारं बघण्यात गेले असते.

त्याऐवजी दुसरा किंवा चौथा शनिवार धरा. बँक बंदच असते. शनिवारी सकाळी अकरा-बाराच्या सुमाराचं विमान, आणि मंगळवारी दुपारी परत. रजा तितक्याच दोन, सोमवार आणि मंगळवार. शनिवार दुपार आणि मंगळवार या दोन्ही वेळा एरवी मागणीला मवाळ असतात, त्यामुळे तिकीटही बहुधा उतरतं. दोन्ही प्रवास लख्ख उजेडात होतात.

फेब्रुवारी तुम्ही अगदी बरोबर निवडलात. या मार्गावरचे भाव आपल्या सणांपेक्षा मल्याळी माणसाच्या घरी जाण्याच्या दिवसांवर हलतात: ओणम, नाताळ ते नवं वर्ष, ईस्टर, विषु, आणि मे महिन्याची शाळांची सुट्टी. मुंबई-ठाण्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेली मल्याळी कुटुंबं तेव्हा गावी जातात आणि विमानं भरतात. फेब्रुवारीत यातलं सहसा काही नसतं, पाऊसही नसतो. उकाडा असतो, तेवढी तयारी ठेवा. दुपारी बारा ते चार आईंना खोलीत आडवं होऊ द्या.

आता तिकीट. देशातल्या प्रवासाला साधारण दीड-दोन महिने आधी शोधायला लागा आणि प्रवासाला तीन आठवडे उरायच्या आधी घेऊन टाका. ‘अजून उतरेल’ म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणं तिघींच्या तिकिटांवर महागात पडतं. भाव तुलनेच्या ॲपवर बघावेत, पण तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढावं. काही बिनसलं, वेळ बदलली, पैसे परत हवे झाले, तर मधला दलाल नसलेला बरा. जायचं एका कंपनीचं, यायचं दुसऱ्या कंपनीचं असं घेतलं तरी चालतं. आणि मदतीसाठी कंपनीचा फोन नंबर कधीही इंटरनेटवर शोधून लावू नका. तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात आणि पलीकडचा माणूस गोड बोलून खातं रिकामं करतो. नंबर कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. तुम्ही बँकेत आहात, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण तिकीट मुलगी काढणार असेल तर तिला बजावून ठेवा.

जाहिरातीतला आकडा आणि हातात पडणारं तिकीट यांत फरक पडतो तो मुख्यतः बॅग आणि सीट यांच्यामुळे. नेहमीच्या तिकिटात साधारण ७ किलोची हातातली बॅग आणि १५ किलोची जमा करायची बॅग असते. काही कंपन्या त्याहून स्वस्त, फक्त हातातल्या बॅगेचं भाडं लावतात. तुम्ही तिघी आणि रात्री तीन, त्यामुळे जमा करायची एकच बॅग पुरे. तिघींची बिनबॅगेची तिकिटं आणि एकीच्या नावावर आधीच विकत घेतलेली बॅग, हा हिशोब नेहमीच्या तिकिटांशी ताडून बघा. विमानतळावर गेल्यावर बॅग वाढवली तर दर फार लागतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी काही कंपन्यांचं वेगळं भाडं असतं, ते दर वेळी स्वस्तच असतं असं नाही. घेतलंत तर वयाचा पुरावा जवळ हवा. नाव मात्र तिघींचंही आधार कार्डावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आपल्याकडच्या वयस्कर बायकांच्या कागदपत्रांत माहेरचं-सासरचं घोळलेलं असतं, म्हणून आईंचं कार्ड समोर ठेवूनच भरा.

सीटसाठी जादा पैसे मागतात तिथे बहुतेकांना मी ‘देऊ नका’ म्हणते. तुम्ही मात्र द्या. आईंसाठी खिडकी आणि त्यांच्या शेजारची तुमची, एवढ्या दोनच. मुलगी मिळेल तिथे बसेल. मुंबईहून कोचीला विमान दक्षिणेला जातं, तेव्हा जाताना डावीकडची खिडकी घ्या. किनारा आणि त्यामागे सह्याद्री त्या बाजूला असतो. येताना उजवीकडची. पंखावरच्या रांगा टाळा, नाहीतर खिडकी असून पंखाचा पत्राच दिसत राहील. हवा स्वच्छ असली तर खाड्यांची तोंडं, वाळूच्या पट्ट्या, लाल माती हे सगळं आईंच्या ओळखीचं खाली सरकत जाईल. वेंगुर्लं नेमकं दिसेल असं वचन देता येत नाही, विमान त्या दिवशी कुठल्या रेषेत जाईल ते वरच्यांच्या हातात असतं. पण तो किनारा त्यांचाच आहे. उतरताना नारळीची दाट झाडी आणि पाणी दिसतं, आणि विमानतळाच्या आवारात सौर पट्ट्यांची शेतंच्या शेतं. २०१५ पासून हे विमानतळ पूर्णपणे सौर विजेवर चालतं, जगातलं तसं पहिलं.

तिकीट काढतानाच आईंसाठी चाकाची खुर्ची नोंदवा. निदान ४८ तास आधी तरी कळवायला हवं. त्या म्हणतील, ‘मी काय पांगळी आहे?’ त्यांना सांगा, मुंबईच्या विमानतळावर दारापासून गेटपर्यंत एवढं चालावं लागतं की कोचीत पाय टाकण्याआधीच गुडघे संपतील. गुडघे तिथल्या गल्ल्यांसाठी राखून ठेवायचे आहेत. खुर्ची ढकलणारा माणूस सुरक्षा तपासणीतूनही नीट नेतो, आणि पहिल्याच प्रवासात त्या धांदलीत तुम्हालाही धीर राहील.

बीपीच्या गोळ्या जमा केलेल्या बॅगेत नकोत, पर्समध्ये. विमान चढता-उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा चघळायला लवंग किंवा खडीसाखर द्या. आईंचा पानाचा डबा असेल तर अडकित्ता जमा करायच्या बॅगेत टाका, हातात ठेवलात तर तपासणीत काढून घेतील. तेलाचं लोणचंही हातातल्या बॅगेत अडतं. पॉवर बँकेचं उलट, ती हातातच ठेवायची.

डोंबिवलीहून विमानतळ गाठायचा विचार आत्ताच करा, कारण तिकिटाचा स्वस्तपणा बऱ्याचदा तिथे मावळतो. पहाटे सहाचं विमान दीड हजाराने स्वस्त दिसतं, पण त्यासाठी रात्री अडीचला टॅक्सी, कुणाची झोप नाही, आणि आईंचा पहिला दिवस डोकेदुखीत. अकराच्या विमानाला सकाळी साडेसातला निघालात तरी चालतं. तुम्ही दोघीच असतात तर घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि पुढे भुयारी मेट्रोने थेट टर्मिनल, असं सुचवलं असतं. परतीच्या मंगळवारी दुपारीही तो रस्ता मुलीला मोहात पाडेल. आईंबरोबर नको, दोन्ही वेळा टॅक्सीच करा. नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालंय, तिथून सोयीच्या वेळेचं थेट विमान मिळालं तर तेही ताडून बघा. डोंबिवलीहून तळोजाच्या बाजूने गेलं की मुंबईतली गर्दी टळते.

मुन्नारचं मुलीला मीच सांगते. बाळ, मुन्नार कोचीपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर आहे आणि शेवटचा रस्ता घाटाचा. जायला चार-साडेचार तास, यायला तेवढेच. आजीला दिवसभर गाडीत बसवून चहाचे मळे दाखवशील आणि रात्री तिचे पाय चेपत बसशील. तुझं वय वीस आहे, मुन्नार तुझ्या मैत्रिणींबरोबर होईल. या वेळी हाऊसबोटींचं अलप्पुळाही (अलेप्पी) सोडून दे. कोचीत पाणी कमी नाही.

राहायचं कुठे? फोर्ट कोचीत, म्हणजे कोचीच्या जुन्या भागात. एर्नाकुलममध्ये हॉटेलं भरपूर आहेत, पण ते कामाचं शहर आहे, तिथे राहिलात तर रोज जाण्या-येण्यात वेळ आणि रिक्षाचे पैसे जातात. फोर्ट कोचीत घरगुती होमस्टे गल्लोगल्ली आहेत: जुनी घरं, मालकीणबाई स्वतः नाश्ता करून देतात, पुट्टू-कडला किंवा अप्पम आणि स्ट्यू. खोली घेताना तीन गोष्टी फोन करून विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि तिसरा पलंग खरा पलंग आहे की जमिनीवरची गादी. फोटोंत हे कळत नाही, आणि गुडघ्यांचं सगळं सुख-दुःख याच तीन उत्तरांत आहे. तिघींच्या खोलीला रात्रीचे अडीच हजारांच्या वर जाऊ नका.

हिशोब असा धरा. तिघींची जाऊन-येऊन तिकिटं, बॅग आणि सीट धरून, २४ हजार. त्याहून वर गेलं तर पुढचा दुसरा-चौथा शनिवार बघा, पण इथे मर्यादा सोडू नका. तीन रात्री साडेसात हजार. मुंबईतल्या दोन टॅक्स्या अडीच हजार, कोचीतल्या दोन टॅक्स्यांचे तीन हजार. विमानतळ नेडुंबश्शेरीला आहे, फोर्ट कोचीपासून चाळीसेक किलोमीटर, दीड तास धरा. तिथे प्रीपेड टॅक्सीची खिडकी आहे. आलुवाच्या मेट्रो स्थानकापर्यंत बसही जाते आणि खूप स्वस्त पडते, पण सामान आणि आई असताना त्यात चढ-उतार फार. जेवणाखाण्याला साडेचार हजार, फिरायला दीड हजार. झाले ४३ हजार. उरलेले दोन हजार औषधपाण्यासाठी बाजूला ठेवा. काही झालं नाही तर शेवटच्या दिवशी वेलची आणि काळी मिरी घ्या.

शनिवारी पोचून, चहा घेऊन, ऊन उतरल्यावर किनाऱ्यावर जा. चिनी जाळी बघा. लाकडी ओंडक्यांच्या तरफेवर टांगलेली ती अवाढव्य जाळी चार-सहा माणसं दोर ओढून वर घेतात, दगडांच्या वजनावर तोल सांभाळतात. आईंना त्यातलं कौशल्य तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल. पण फोर्ट कोचीचा किनारा स्वतः काही सुंदर नाही, पाण्यात जलपर्णी आणि कचरा असतो. वेंगुर्ल्याची वाळू पाहिलेल्या बाईला समुद्र दाखवायला म्हणून नेऊ नका, जाळी आणि बंदरात शिरणारी मोठी जहाजं बघायला न्या. जाळ्यांजवळ मासळी विकत घेऊन बाजूला करून देतात, तिथे भाव आधी ठरवा. खरं तर नकोच. करीमीन मासा आणि मीन मोईली, म्हणजे नारळाच्या दुधातली माशाची कढी, साध्या खाणावळीत जास्त चांगली मिळते. दुपारी केळीच्या पानावरचं ‘मील्स’ घ्या, त्याबरोबर माशाची लाल कढी येते. तिच्यातलं आंबट म्हणजे कुडमपुळी, आपल्या कोकमाच्या कुळातलंच फळ. आई चव घेऊन ओळखतात का बघा.

रविवार मट्टनचेरीला द्या. सकाळी आधी चेरळाईच्या तिरुमल देवस्वमला जा, दुपारी मंदिर बंद होतं. हा भाग गौड सारस्वतांचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्यांचे हे वंशज, आणि घरात अजून कोंकणी बोलतात. शेकडो वर्षांत त्यांची बोली वेगळ्या वळणाची झाली आहे, पण आईंनी आपल्या मालवणीत विचारपूस केली तर दोन्ही बाजूंना बरंच काही कळेल. त्यांना आधी काही सांगू नका, कानावर आपोआप पडू दे. सतराव्या शतकात इथला डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोंकणी वैद्य होते. त्यांनी लिहून दिलेलं कोंकणी प्रशस्तिपत्र नागरी लिपीतच त्या ग्रंथात छापलेलं आहे. हे मुलीला सांगा, मुन्नारचा रुसवा थोडा उतरेल.

तिथून रिक्षाने राजवाडा. १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव डच पॅलेस. वर चढायला जिना आहे, आईंना सावकाश नेऊन आधी रामायणाच्या भित्तिचित्रांच्या खोलीत बसवा. प्रसंग त्या स्वतः ओळखतील, पाट्या वाचायची गरज नाही. जवळच १५६८ चं सिनेगॉग, चीनहून आलेल्या निळ्या फरशांचं. एका फरशीसारखी दुसरी नाही. दुपारी एकपर्यंत हे उरकून जेवा आणि झोपा. आजूबाजूच्या दुकानांत अत्तर आणि मसाले विकायला बोलावतील. बघा, घेऊ नका. मसाला एर्नाकुलमच्या ब्रॉडवे बाजारात रास्त मिळतो.

सोमवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला आधी इथेच पुरलं होतं, पुढे अवशेष लिस्बनला नेले. दहा मिनिटांत बघून होतं. मग वॉटर मेट्रो, आणि इथे घाई करू नका. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या विजेवरच्या, वातानुकूलित बोटी आहेत. फोर्ट कोचीहून एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यापर्यंत अगदी थोड्या पैशांत नेतात. धक्का तरंगता असल्यामुळे बोट आणि धक्का एका पातळीत राहतात, आईंना पाय उंच टाकावा लागणार नाही. सरकारी जुन्या फेऱ्या आणखी स्वस्त आहेत, पण त्यांत चढणं त्रासाचं. पलीकडे ब्रॉडवे, जेवण, आणि त्याच बोटीने परत. संध्याकाळी कथकलीचा छोटा प्रयोग बघा, मात्र प्रयोगाच्या तासभर आधी जा. तेव्हा नट प्रेक्षकांसमोर रंग चढवत बसतात. दशावतारी मंडळींना देवळामागे तोंड रंगवताना बघत वाढलेल्या बाईला नाटकापेक्षा हाच भाग आवडला तर नवल नाही.

मंगळवारी विमानाच्या चार तास आधी फोर्ट कोची सोडा, पुलांवर गर्दी अडते. वेब चेक-इन आदल्या दिवशीच करून ठेवा. इतक्या कमी पल्ल्याच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्ही निवडायचं. काउंटरवर जाऊन स्पष्ट शब्दांत मागा. न मागणाऱ्यांना बऱ्याचदा काहीच मिळत नाही.